इलेक्ट्रिक गाडीची नवी बॅटरी : माप मोजून घ्या

मणियार, अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी. आपल्या समाजातील किती तरी घरांची रोजी आजही आठवडे बाजारावर आणि गावोगावच्या फेरीवर चालते. पूर्वी ही फेरी सायकलवर होई, मग लुना आणि एम-८० आली. आता पेट्रोलच्या भावाने कंबर मोडल्यावर अनेकांनी विजेवर चालणारी दुचाकी घेतली. नोंदणी नाही, लायसन नाही, पेट्रोल नाही. पहिली दीड-दोन वर्षे सारे कसे छान चालते. त्यानंतर बॅटरी दगा देते आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

आमच्या थोरल्या भावाचेच उदाहरण घ्या. मंचरहून बांगड्यांच्या पेट्या बांधून घोडेगाव, शिनोली, डिंभे अशी त्याची फेरी. मंचर-भीमाशंकर रस्त्यावर घोड नदीवरचे धरण जेथे आहे, ते हे डिंभे. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी हे एक. हुतात्मा बाबू गेनू सागर या नावानेही ते ओळखले जाते. मंचरपासून अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन पन्नास. गाडी नवी असताना डिंभ्यात ओळखीच्या दुकानी दुपारी दोन-तीन तास चार्जिंग केले की हा प्रवास होत असे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर परतीच्या वाटेवर घोडेगावच्या अलीकडेच गाडी बसू लागली. गाडीत शिशाच्या, म्हणजे लेड-अॅसिडच्या चार बॅटऱ्या होत्या. मिस्त्री म्हणाला, "आता लिथियम टाका, वजन कमी, पल्ला दुप्पट."

भावाने शहरात जाऊन स्वस्तातला एक पॅक आणला. वर चिकटपट्टीवर ठसठशीत लिहिलेले, ४८ व्होल्ट, ३० एएच. विक्रेत्याने तोंडी सांगितले की आत 'फॉस्फेट'चे सेल आहेत, तीन वर्षे बघायला नको. पावती म्हणजे वहीच्या पानावरचा एक आकडा. त्या पॅकवर गाडी शिशाच्या बॅटरीपेक्षा जेमतेम थोडी अधिक चालली. भावाचे म्हणणे, गाडीतच काही दोष असेल. मी म्हटले, "भाईजान, आधी पॅक तोलून तर पाहू." शेजारच्या किराणा दुकानातील काट्यावर ठेवला तर वजन भरले साडेसात किलो. तेथेच हिशेब कळला.

तो हिशेब सांगण्यासाठीच हा लेख आहे, कारण आपल्यापैकी अनेकांवर ही खरेदीची वेळ आली आहे किंवा लवकरच येणार आहे.

बॅटरीचे माप म्हणजे काय?

तेल लिटरवर, धान्य किलोवर, कापड मीटरवर. तशी बॅटरी वॅट-तासावर घ्यावी. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-तास. ४८ व्होल्ट आणि २० एएच म्हणजे ९६० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट वीज. फक्त व्होल्ट किंवा फक्त एएच सांगणारा विक्रेता म्हणजे कापडाची लांबी सांगून पन्हा न सांगणारा. दोन दुकानांतील भावांची तुलनाही याच मापावर करावी. समजा, एका पॅकची किंमत १८,००० रुपये आणि तो ९०० वॅट-तासांचा आहे. दुसरा २४,००० रुपयांचा, पण १,५०० वॅट-तासांचा. पहिला वॅट-तासाला २० रुपये पडला, दुसरा १६. स्वस्त कोणता, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्याला किती वॅट-तास हवेत? माल लादलेली साधी स्कूटर सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण २० ते ३० वॅट-तास खाते. सरासरी २५ धरा. पन्नास किलोमीटरला झाले १,२५०. बॅटरी रोज तळापर्यंत ओढू नये, पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावा. म्हणजे पॅक १,५५० च्या आसपास हवा. शिवाय चढ वेगळा. माणूस, गाडी आणि माल मिळून दीडशे किलो वजन १०० मीटर उंच चढवायला मोटारीची घट धरून ५५ ते ६० वॅट-तास लागतात. हा नियम डोंगरी भागातल्या प्रत्येकाने पाठ करावा. डिंभ्याच्या पुढे गोहे ओलांडून पोखरी घाट लागतो. तेथे माल लादून २५० वॅटची गाडी नेण्याचा आग्रह धरू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. कितीही मोठी बॅटरी टाकली तरी मोटार तीच राहते.

आता भावाच्या पॅककडे येऊ. लिथियम बॅटरीत मुख्यतः दोन जाती बाजारात दिसतात. एक एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची. हिचा सेल सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. दुसरी एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची, सेल ३.२ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ३.६५. एनएमसी वजनाला हलकी. एलएफपी जड, पण उष्णता अधिक सोसते, सहजासहजी पेट घेत नाही आणि टिकते जास्त. एनएमसी साधारण ५०० ते १,००० वेळा पूर्ण भरून रिकामी करता येते, तर चांगल्या एलएफपीकडून दोन हजारांच्या आसपास अपेक्षा ठेवता येते. माझे मत विचाराल तर फेरीच्या गाडीला एलएफपीच घ्यावी. बांगड्यांच्या चार पेट्या वाहणाऱ्याला बॅटरीचे चार-पाच किलो जड नाहीत, आणि आपल्या पत्र्याच्या दुकानांत एप्रिल-मेमध्ये जी भट्टी पेटते तिचा विचार केला तर थंड डोक्याची जात बरी.

एलएफपीचा जो गोल सेल सर्रास वापरतात, तो ३२ मिलिमीटर जाडीचा, ७० मिलिमीटर उंचीचा, सुमारे ६ एएचचा आणि वजनाने सुमारे १४० ग्रॅमचा असतो. ३० एएचसाठी असे पाच सेल समांतर हवेत आणि ४८ व्होल्टच्या गाडीसाठी अशा सोळा रांगा. पाच गुणिले सोळा, म्हणजे ८० सेल. नुसत्या सेलचेच वजन ११ किलो झाले. पेटी, पट्ट्या, तारा धरून पॅक तेरा किलोच्या आसपास भरायला हवा. साडेसात किलोत ३० एएच फॉस्फेट बसतच नाही! लेबल खोटे होते, काटा खरा होता.

हलका पॅक दिसला की ग्राहक खूश होतो. शिशाच्या २० एएचच्या चार बॅटऱ्या अठ्ठावीस किलोच्या घरात जात, त्यापुढे साडेसात किलो म्हणजे फूलच वाटते. पण आधी जात विचारावी आणि मग वजन करावे. एनएमसीच्या १८ बाय ६५ मिलिमीटरच्या बारीक सेलबाबतही एक खूण ध्यानात ठेवावी : हा सेल साधारण २,००० ते ३,५०० मिली-अँपिअर-तासांचा असतो. त्यावर ५,००० किंवा ९,९०० छापलेले दिसले तर ते दुकान सोडून पुढे चालू लागावे.

घरच्या मीटरवर तपासणी

वजनाने संशय येतो, खात्री होत नाही. खात्रीसाठी दुसरा उपाय आहे आणि तो कोणालाही करता येतो. गाडी घराजवळच फेऱ्या मारून बॅटरी आपोआप बंद होईपर्यंत चालवावी. तासभर थंड होऊ द्यावी. मग चार्जर आणि भिंतीचा प्लग यांच्या मध्ये युनिट मोजणारे छोटे प्लग-मीटर लावून ती पूर्ण भरावी. असे मीटर विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. चार कारागिरांनी मिळून एक घेतले तरी पुरते. ते नसेल तर घरातील बाकी सारे बंद ठेवून महावितरणच्या मीटरचे आकडे आधी आणि नंतर टिपावेत.

चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. तेव्हा १,५०० वॅट-तासांचा पॅक भरायला साधारण पावणेदोन युनिट लागायला हवेत. भावाचा पॅक ०.९ युनिटमध्येच भरला! चार्जरची घट वजा करता आत ७८० वॅट-तास, म्हणजे ३० ऐवजी जेमतेम १६ एएच. जवळजवळ निम्मे माप. विक्रेत्याकडे गेलो तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "पक्के बिल कुठे आहे?" ते नव्हते. पैसे बुडाले.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपण सर्वांनी जुम्याच्या बयानात ऐकलेला आहे. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही, लोकांना दिसला असता, असे त्याला विचारण्यात आले. बॅटरीचा पॅक ही अशीच एक झाकलेली रास आहे. फरक इतकाच की तीत ग्राहकाला हात घालता येत नाही. म्हणून विकणाऱ्यावरची अमानत अधिक मोठी. आज आपल्यातीलच अनेक तरुण बॅटरी जोडण्याच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नवी वेष्टने चढवून विकणे हे माप मारणेच आहे. जुने सेल वापरायचे असतील तर जुने म्हणून सांगून, मोजलेली क्षमता लिहून, त्या भावात विकावेत. त्यालाही गिऱ्हाईक असते.

४८ व्होल्ट म्हणजे नेमके किती?

येथे चुकले तर नुकसान पैशाचेच राहत नाही, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. बाजारात '४८ व्होल्ट' या एकाच नावाखाली तीन वेगळे पॅक विकले जातात. एनएमसीचे तेरा सेल रांगेत असतील तर तो ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो. एलएफपीचे पंधरा असतील तर ५४.७५ ला. सोळा असतील तर ५८.४ ला. आणि शिशाच्या चार बॅटऱ्यांचा जुना चार्जर साधारण ५८.८ पर्यंत ढकलतो.

आता समजा, तुम्ही तेरा सेलचा एनएमसी पॅक घेतला आणि चार्जर घरचा जुनाच लावला. ५८.८ भागिले तेरा म्हणजे प्रत्येक सेलवर ४.५ व्होल्टपेक्षा जास्त. त्याची मर्यादा ४.२ ची. आत बसवलेली बीएमएस नावाची पट्टी मध्ये पडून प्रवाह तोडते म्हणून रोज काही होत नाही. पण राखणदार तो एकटाच. एखाद्या दिवशी ती पट्टी निकामी झाली की सेल तापतो, वाफ सोडतो, पेट घेतो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. म्हणून नवा पॅक घेतला की त्याच्याच जातीचा आणि त्याच्याच व्होल्टचा चार्जर घ्यावा. जुना चार्जर घरात ठेवूच नये. कोणी तरी मूल किंवा नोकर चुकून लावतो. चार्जरवर लिहिलेले व्होल्ट आणि पॅकवर लिहिलेले पूर्ण-भर व्होल्ट जुळतात का, हे दुकानातच पाहावे. ६० व्होल्टच्या गाडीलाही हाच नियम : तेथे एनएमसीचे सोळा किंवा सतरा, एलएफपीचे एकोणीस किंवा वीस सेल घालतात आणि प्रत्येकाचा चार्जर वेगळा.

बीएमएस किती अँपिअरची, हेही विचारावे. गाडीच्या कंट्रोलरवर त्याची कमाल अँपिअर छापलेली असते. बीएमएसची सलग सोसण्याची मर्यादा त्याहून अधिक हवी. कंट्रोलर १८ चा असेल तर बीएमएस २५ ते ३० ची घ्यावी. सपाटीवर कमी अँपिअरची पट्टी चालून जाते आणि चढाला ऐन मध्यावर गाडी गपकन बंद पडते. मग लोक बॅटरीला शिव्या देतात.

लिथियम टाकल्यावर गाडीचा जुना काटा शेवटपर्यंत 'फुल' दाखवतो आणि मग एकदम झोपतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. एलएफपीचे व्होल्ट बराच काळ जवळजवळ स्थिर राहतात, म्हणून शिशासाठी केलेला काटा फसतो. तो दोष नव्हे. किलोमीटर मोजून चालावे किंवा पॅकसोबत मिळणारा टक्के दाखवणारा छोटा मीटर बसवून घ्यावा.

वसईची घटना

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरी रात्री ई-स्कूटरची बॅटरी बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावलेली होती. पहाटे ती फुटली. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दवाखान्यात वारला. अल्लाह त्याच्या आईवडिलांना सब्र देवो. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली होती, तर तमिळनाडूत वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या आगीत बाप-लेकीचा अंत झाला. या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. नव्या अटींचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. ही मानके पुण्यातीलच एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. सेल कधी तयार झाले, कोणत्या पॅकमध्ये गेले, याचा माग ठेवणे, चांगली बीएमएस, पाणी आत न जाणारी पेटी, धोक्याचा इशारा अशा गोष्टी त्यांत आल्या. पॅक घेताना त्यावर एआयएस-१५६ चा उल्लेख, अनुक्रमांक आणि तयार झाल्याची तारीख आहे का, हे पाहावे. पेटीवर 'आयपी ६७' असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, असा त्याचा अर्थ. डिंभ्यापासून पश्चिमेला जो पाऊस कोसळतो तो पाहता ही चैन नव्हे. तरीही बॅटरी पुराच्या पाण्यात बुडाली तर सुकवून चार्जिंगला लावण्याचा उद्योग करू नये. घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून जाणत्या कारागिराला दाखवावी.

आपली बरीच घरे खाली दुकान, वर राहणे आणि मध्ये एकच जिना अशी आहेत. जिन्याखाली गाडी आणि रात्री इशाच्या नमाजनंतर चार्जिंग, ही जवळजवळ रीतच झाली आहे. ती आजच मोडावी. आग जिन्याच्या तोंडाशी लागली तर वरची माणसे उतरणार कोठून? चार्जिंग जागेपणी करावे, झोपण्याच्या खोलीत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर नको. शेजारी कापडाचे गठ्ठे, अत्तर, स्पिरिट, फोमचे तुकडे असे काही नको. लांबून आलेली गरम बॅटरी अर्धा-पाऊण तास थंड झाल्याशिवाय लावू नये. पॅकमधून फुसफुस आवाज, गोडसर उग्र वास किंवा धूर आला तर सामान वाचवत बसू नये. माणसे बाहेर काढावीत, शक्य असेल तर विजेचे मेन बटन बंद करावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

कायदा आणि कागद

२५० वॅटपेक्षा कमी ताकदीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजनाची आणि मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली गाडी मोटार वाहन या व्याख्येत येत नाही. म्हणूनच तिला नोंदणी लागत नाही. नवी बॅटरी टाकताना काही मिस्त्री 'सोबत कंट्रोलरही मोठा टाकू, पन्नासने पळेल' असे सुचवतात. त्या क्षणी ती गाडी बेकायदा होते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर मोहीमच काढली होती. आणि अपघात झाला तर विम्याविना सारा भार आपल्या अंगावर येतो. नोंदणीकृत गाडी असेल तर कंपनीने मान्य केलेलाच पॅक घ्यावा. महाग पडला तरी.

बिल पक्के घ्यावे. सुट्या लिथियम बॅटरीवर १८ टक्के जीएसटी आहे; तो वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर घेणारा हमीही सोडून देतो, हे आमच्या घरी अनुभवून झाले. बिलावर सहा गोष्टी लिहून घ्याव्यात : सेलची जात, रांगेतील सेलची संख्या, एएच, बीएमएसची अँपिअर, चार्जरचे व्होल्ट आणि अनुक्रमांक. हमी 'तीन वर्षे' एवढीच न लिहिता, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, हे विचारावे. धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागू नाही असे काही विक्रेते दटावतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरलेली नाही. फेरीवाला, शिंपी, गवंडी, सारे त्यात येतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

हप्त्यांचा विषय निघतोच. व्याजाचे कर्ज टाळू इच्छिणाऱ्यांनी दुकानदाराशी एकच ठरलेली किंमत आणि ठरलेले हप्ते असा लेखी सौदा करून पाहावा. ओळखीच्या बाजारात तो अशक्य नसतो. उशीर झाल्यास रक्कम वाढणार नाही, हे त्यात लिहून घ्यावे.

भंगाराच्या धंद्यातील बांधवांसाठी दोन शब्द. शिशाची बॅटरी आपण वर्षानुवर्षे घेत आलो, लिथियम तशी नाही. ती हातोड्याने फोडली, दाबली किंवा लोखंडाच्या ढिगात टाकली तर गोदाम पेटू शकते. टोके चिकटपट्टीने बंद करून, वेगळ्या कोरड्या जागी, शक्य तर वाळूच्या पेटीत ठेवावी आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा नवा पॅक घेताना जुना परत घेता का, हे दुकानदाराला विचारण्यात संकोच नको.

भावाने पुढे पैसे जमवून सोळा सेलच्या रांगेचा, ३० एएचचा फॉस्फेट पॅक घेतला. दुकानातच काट्यावर ठेवला, तेरा किलो दोनशे ग्रॅम भरला. घरी आणून मीटर लावला तर एक युनिट आणि वर पाऊण लागले. सोबतचा चार्जर ५८.४ चा. जुना चार्जर त्याने त्याच संध्याकाळी मोडून टाकला. चार्जिंग आता दुकानाबाहेरच्या ओट्यावर, पत्र्याच्या आडोशाला, तो समोर बसलेला असतानाच होते. डिंभ्याला जाऊन परत येईपर्यंत मीटरवर वीस टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते. पोखरी घाटाकडे मात्र तो अजून एसटीनेच जातो.